पहिलं व्हायोलिन घ्यायचंय. नक्की काय बघून घेऊ?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४६, मुक्काम ठाणे. शाळेत असताना गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पुढे सगळं राहून गेलं. आता लेक बारावी होऊन बाहेरगावी गेली आणि संध्याकाळचे दोन तास अचानक मोकळे झाले. व्हायोलिन शिकायचंच असं ठरवलंय. बजेट दहा-बारा हजार.

ऑनलाइन बघायला बसले आणि डोकं फिरलं. साडेतीन हजारांपासून साठ हजारांपर्यंत सगळी तशीच तांबूस, तशीच चकचकीत. एकीकडे तर व्हायोलिन, गज (बो), ठेवायची पेटी, गजाला लावायची राळ, खांद्याची उशी, ट्यूनर आणि जास्तीच्या तारा, सगळं मिळून साडेचार हजार. मग बाकीचे लोक साठ हजार कशाचे घेतात? आणि या वयात बोटं वळतात का? खरं सांगा, मन राखू नका.

हिशेबनीस
साडेचार हजारांचंच घ्या. अनुभवाचे बोल: आमच्या घरी गिटार, सिंथेसायझर आणि एक ट्रेडमिल अशी तीन वाद्यं आहेत. तिन्हीवर आता कपडे वाळत असतात. सहा महिने टिकलात तर महागडं घ्या.

तारसप्तक
हिशेबनीस, ट्रेडमिलला हा हिशेब ठीक आहे, व्हायोलिनला उलटा पडतो. गिटारला पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) असतात. स्वस्तातली गिटारसुद्धा बोट पडद्यामागे ठेवलं की जवळपास सुरात बोलते. व्हायोलिनला पडदेच नाहीत. सूर कानाने शोधायचा, बोट मिलिमीटरभर हललं की बेसूर. त्यात वाद्यच नीट लागत नसेल तर चूक आपल्या बोटाची की लाकडाची, हे नवशिक्याला कळणार कसं? तो स्वतःलाच दोष देतो आणि वाद्य कपाटावर जातं. म्हणजे तुम्ही सांगता तो शेवट त्या साडेचार हजारांमुळेच होतो :)

रानजाई, मी पुण्यात तेरा वर्षं हौसेने वाजवतोय, चाळिशीला सुरुवात केली. बोटं वळतात. अडतो तो गजाचा हात. तो लहान मुलांचाही अडतो, फक्त त्यांना लाज वाटत नाही.

पण खरेदीआधी एक सांगा, हिंदुस्थानी शिकणार की पाश्चात्त्य?

रानजाई
हिंदुस्थानी. पण त्याचा खरेदीशी काय संबंध? व्हायोलिन एकच ना?

तारसप्तक
लाकूड एकच, बाकी बरंच बदलतं.

पाश्चात्त्य वादक उभ्याने किंवा खुर्चीत, हनुवटीखाली धरून वाजवतात. त्यांना हनुवटीचा टेकू आणि खांद्याची उशी दोन्ही नीट बसावी लागतात. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, वाद्याचं एक टोक छातीला-खांद्याला आणि गोगलगायीसारखं वळलेलं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर. त्यामुळे डावा हात वाद्य धरण्यातून सुटतो आणि लांब मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेता येते. म्हणजे तुमच्या त्या कॉम्बोतली उशी पहिल्याच दिवशी सोफ्यावर जाणार.

दुसरं, तारा लावणं. पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेपासून बारीकपर्यंत, हार्मोनियमच्या भाषेत, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. आपल्याकडे कुणी प-सा-प-सा लावतं, कुणी सा-प-सा-प. समजा सा पांढरी दोन धरला आणि प-सा-प-सा लावायचं म्हटलं, तर सगळ्यात जाड तार एक सूर चढवावी लागते आणि सगळ्यात बारीक एक सूर उतरवावी लागते. तारांचा ताण बदलला की तारांची निवड बदलते. सा कुठे धरायचा, कुठल्या तारा हे तुमचे गुरुजी किंवा बाई ठरवणार. म्हणून आधी शिक्षक शोधा आणि वाद्य घ्यायला त्यांनाच सोबत न्या. चहा पाजा, रिक्षाचं भाडं द्या, पण न्याच.

मडगांवकार
आमच्या गोंयात हा प्रश्नच येत नसे. पूर्वी चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरवाचन) आणि व्हायोलिन दोन्ही शिकवत. वाद्य बहुधा काकाचं नाहीतर मास्तरांचं असायचं, नवं कोण घेतो? मांडो हा आमचा गाण्याचा प्रकार म्हटला की घुमट (मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिन आलंच. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोंयकार एवढे कुठून आले, त्याचं मूळ त्या शाळांत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू.

सांगायचा मुद्दा, शिक्षकाकडे जुनं वाद्य पडून असतं. आधी ते मागून दोन महिने वाजवा.

अण्णा_मिरज
मडगांवकारांनी विषय काढलाच आहे तर राहवत नाही. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर हेही गोव्याकडचेच. गजाननबुवा जोशी तर गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, दोन्हीत अधिकारी माणूस. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वादन मी समोर बसून ऐकलंय. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनमधून गाण्याचे शब्दसुद्धा ऐकू येतात असं लोक म्हणत, ते खोटं नाही. एन. राजम मूळ कर्नाटक पद्धतीत तयार झालेल्या आणि मग गायक ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी घेतली.

रानजाई, वाद्य घेण्याआधी महिनाभर यांचं रोज ऐका. कानात आवाज भरलेला असला की दुकानात कुठल्या वाद्याकडे हात जावा ते आपोआप कळतं. आमचं मिरज तंबोऱ्या-सतारींचं. इथे माणसं भोपळ्यावर टिचकी मारून वाद्य ठरवतात, ब्रँड विचारत नाहीत.

हिशेबनीस
अण्णा, टिचकी मारून ठरवायला मिरजेत जन्म घ्यावा लागतो. ठाण्याच्या माणसाने काय बघायचं ते कुणीतरी सांगा की.

सुताराचा_नातू
मी सांगतो. मी व्हायोलिन वाजवत नाही, दुरुस्त करतो. आजोबा फर्निचरवाले, मी वाद्यांकडे वळलो. थोडं लांबेल.

चांगल्या व्हायोलिनचा वरचा भाग स्प्रूसचा आणि पाठ, कडा, मान मेपलची. बोटं ज्या काळ्या पट्टीवर फिरतात ती एबनीची. स्वस्त वाद्यात हीच पट्टी हलक्या लाकडाची करून काळा रंग फासतात. ओळखायची कशी? पट्टीचा खालचा भाग, जिथे ती वाद्यावर अधांतरी असते, तिथे मोबाइलचा उजेड पाडून बघा. रंगाचे ओघळ किंवा पांढरट लाकूड दिसलं तर समजा. दोन महिन्यांत तारांखाली चर पडतात आणि बोटं काळी होतात.

मग वाद्य डोळ्याच्या रेषेत धरा आणि वळलेल्या टोकाकडून घोडीकडे (तारा ज्यावर टेकतात तो उभा लाकडी तुकडा) बघा. मान सरळ मध्यावर यायला हवी. एका बाजूला झुकली असेल तर ठेवून द्या, ती दुरुस्ती वाद्यापेक्षा महाग. कडेने फिरणारी दुहेरी काळी रेघ बघा. ती लाकडात बसवलेली असते, निव्वळ शोभेची नाही, काठाकडून येणारी चीर तिथे अडते. स्वस्तात ती नुसती पेनने काढलेली असते, नख फिरवलं की कळतं.

आता खरी गंमत. रानजाईंना साडेचार हजार आणि बारा हजारांत फरक दिसत नाही, कारण तो फोटोत दिसतच नाही. तो असतो सेटिंगमध्ये. कारखान्यातून आलेल्या वाद्याची घोडी बहुतेक वेळा नुसती कापलेली असते, त्या वाद्याच्या अंगाला घासून बसवलेली नसते. घोडीचे दोन्ही पाय वाद्याच्या फुगीर वरच्या फळीला पूर्ण टेकायला हवेत, मध्ये कागदसुद्धा सरकता कामा नये. उंची जास्त असेल तर तार दाबताना बोटं सोलवटतात, कमी असेल तर तार पट्टीला घासून खरखरते. पट्टीच्या शेवटाला बारीक तार साधारण ३ ते साडेतीन मिलिमीटर आणि जाड तार ५ ते साडेपाच मिलिमीटर वर असली की ठीक. खुंट्यांकडच्या टोकाला तर तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं, एवढंच अंतर. माझ्याकडे आलेल्या स्वस्त वाद्यांत तिथे हमखास दुप्पट असतं. नवशिक्याचं पहिलं बोट तिथेच पडतं आणि तिथेच दुखतं.

आणि आत एक छोटी काठी असते, साउंड पोस्ट. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात. ती चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीत नुसत्या दाबाने उभी असते. घोडीच्या बारीक तारेकडच्या पायामागे, अगदी जवळ. ती पडली की वाद्य मुकं होतं. म्हणून सगळ्या तारा एकदम कधीच काढायच्या नाहीत, एक काढा, बदला, मग दुसरी.

माझा सल्ला: दहा हजार असतील तर साडेआठचं वाद्य घ्या आणि दीड हजार घोडी, खुंट्या नीट करायला राखून ठेवा.

रानजाई
बाप रे. हे सगळं मी स्क्रीनशॉट काढून ठेवलं. खुंट्यांचं काय करायचं असतं?

सुताराचा_नातू
खुंटी म्हणजे निमुळती लाकडी पाचर, निमुळत्या भोकात घर्षणावर बसलेली. ती गोल-गोल सारखी फिरायला हवी, अडखळत नाही. मुंबई-ठाण्याच्या पावसात लाकूड फुगतं आणि खुंटी जाम होते. कोरड्या हवेत आकसते आणि रात्रीत सटकून तारा लोळतात. दोन्ही नॉर्मल आहे, घाबरू नका. सटकत असेल तर थोडा खडू, जाम असेल तर साबणाचा हलका हात. तेल लावू नका! एकदा एकाने शिलाई मशिनचं तेल घातलं होतं. चारही खुंट्या नव्या कराव्या लागल्या.

तारांच्या खालच्या टोकाला बारीक स्क्रू असतात, फाइन ट्यूनर. चारही तारांना असलेलं वाद्य घ्या. दिग्गज नाकं मुरडतील, मुरडू दे.

मडगांवकार
गजाबद्दल कुणी बोलतच नाहीये. अर्धा आवाज गजाचा असतो. काडी सरळ आहे का ते एका डोळ्याने बघा. स्क्रू फिरवून केस ताणले की काडीची आतली कमान राहायला हवी. काडी उलटी फुगली तर ताण जास्त झाला. मधोमध काडी आणि केस यांत पेन्सिल जाईल एवढी फट पुरे. वाजवून झालं की सैल करायचा, रोज. केसांना बोट लावायचं नाही, घामाचं तेलकट लागलं की तिथे राळ धरत नाही.

उत्तम गज परनांबुको लाकडाचे. ते ब्राझीलचं झाड, २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. साधा कार्बन फायबरचा गज घ्या, पावसात वाकत नाही.

परदेसी_काकू
न्यू जर्सीतून लिहितेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा, शाळेच्या ऑर्केस्ट्रात त्याला व्हायोलिन मिळालंय. इथे कुणी विकत घ्यायला सांगतच नाही, सगळी मुलं दुकानातून महिन्याच्या भाड्याने आणतात. मूल वाढलं की मोठं देतात आणि भाड्याचे पैसे पुढे खरेदीत वळते करतात. पुण्या-मुंबईत असं मिळतं का? सुट्टीत आलो की भाचीसाठी बघायचंय. आणि मापाचं काय गणित असतं? मला तर दुकानदाराने हात बाजूला करायला लावला आणि टेप लावली.

तारसप्तक
तेच गणित. हात सरळ बाजूला पसरायचा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजायचं. साधारण २३ इंच किंवा जास्त भरलं तर पूर्ण माप. २२ च्या आसपास पाऊण, २० च्या आसपास अर्धं. त्याखाली पाव, अष्टमांश, अगदी चिमुकल्यांसाठी सोळांशसुद्धा असतं. पूर्ण मापाच्या वाद्याचं धड १४ इंच असतं. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या. "वाढत्या अंगाचं" ही शाळेच्या गणवेशाची पद्धत इथे चालवू नका, पोराचा खांदा जातो.

भाड्याचं म्हणाल तर आपल्याकडे तशी घडी बसलेली नाही. एखादा क्लास देतो, एखादा देत नाही. पण पाव आणि अर्ध्या मापाची वाद्यं वर्ष-दीड वर्षात लहान पडतात, त्यामुळे क्लासच्या ग्रुपवर जुनी भरपूर फिरत असतात. मुलांसाठी नवं घेऊच नये या मताचा मी आहे.

हिशेबनीस
जुन्यावरून आठवलं. आमच्या आजोबांचं एक व्हायोलिन माळ्यावर आहे. काल खाली काढलं. आत कागद चिकटवलाय त्यावर "अँटोनियस स्ट्राडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फेसिएबात अॅनो १७" आणि पुढे दोन अंक पुसलेले. नेटवर बघितलं तर कोटींत किंमत! बायकोला अजून सांगितलं नाही. रानजाई, तुमचं बजेट किती म्हणालात? ;)

सुताराचा_नातू
बायकोला सांगू नका, उगीच फार्महाऊस बघायला जाल.

स्ट्राडिव्हारी हा इटलीतला नामवंत व्हायोलिन कारागीर, १७३७ मध्ये गेला. त्याची आज उरलेली वाद्यं सगळी मिळून सुमारे साडेसहाशे, आणि त्यांची खडान्‌खडा नोंद आहे. तुमच्या कागदासारखे कागद मात्र लाखो आहेत. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शन, फ्रान्समधलं मिरकूर, या गावांतून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला घाऊक व्हायोलिनं बाहेर पडली आणि आत हा छापील कागद लावला जाई. फसवणूक म्हणूनच असं नाही, "त्या घाटाचं" एवढाच अर्थ. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात देशाचं नाव आहे का बघा. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने आयात मालावर देश छापणं सक्तीचं केलं, त्यामुळे ते नाव असेल तर वाद्य बहुधा त्यानंतरचं.

पण टाकाऊ समजू नका. त्या जर्मन घाऊक वाद्यांतली कित्येक आजच्या पंधरा-वीस हजारांच्या नव्या वाद्यापेक्षा छान बोलतात. हलक्या हाताने कडेने बोटाच्या पेराने ठोका. कुठे पोकळ खर्र आवाज आला तर तिथला सांधा सुटलाय. हे सरसानेच जोडलेलं असतं, मुद्दाम. सरस उकलता येतो, म्हणून वाद्य शंभर वर्षांनी उघडून दुरुस्त करता येतं. फेव्हिकॉल लावलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

अण्णा_मिरज
वा! आजोबा वाजवायचे का हो? कुणाकडे शिकले?

हिशेबनीस
कल्पना नाही अण्णा. मी चार वर्षांचा असताना गेले. वडील म्हणतात संध्याकाळी ओटीवर वाजवायचे, एवढंच.

रानजाई
मंडळी, अपडेट. बाई मिळाल्या, घरापासून दहा मिनिटांवर. त्यांच्याबरोबर मुंबईत धोबी तलावला गेले. तिथलं वाद्यांचं दुकान फुर्टाडोज १८६५ पासूनचं आहे हे मला तिथे गेल्यावरच कळलं. तिथे आणि आजूबाजूला मिळून सात वाद्यं बघितली. मला वाजवता येत नाही म्हणून बाई वाजवायच्या आणि मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी राहायचे, किमतीची चिठ्ठी न बघता. ही युक्ती त्यांचीच. दोनदा मी जे निवडलं ते स्वस्तातलं निघालं!

शेवटी एक साधं विद्यार्थी मॉडेल घेतलं, चिनी बनावटीचं. बाई म्हणाल्या, नवशिक्यांची बहुतेक वाद्यं आता तिथलीच, नाव कुठल्याही देशाचं असो. पट्टी खरी एबनीची, रेघ खरी बसवलेली (नख फिरवलं!). सोबतच्या कडक स्टीलच्या तारा काढून बाईंनी सिंथेटिक गाभ्याच्या घालायला लावल्या, मींडेला मऊ पडतात म्हणून. घोडी दुसऱ्याकडून घासून घेतली. सगळं मिळून बारा हजार आठशे. बजेट फुटलं, पण थोडक्यात.

घरी आणलं, पेटी उघडली, गज ओढला. आवाजच नाही! नुसतं फुस्स. मला वाटलं फसवलं. रात्री साडेदहाला बाईंना फोन. त्या हसायलाच लागल्या. नव्या गजाला राळच लावलेली नव्हती, आणि तिच्याशिवाय केस तारेला धरतच नाहीत.

मडगांवकार
हाहा, सगळ्यांचं होतं. नवी राळ गुळगुळीत असते, आधी पॉलिश पेपरने थोडी खरवडून घ्या, मग पहिल्यांदा गज पाच-सात मिनिटं तरी घासा. पुढे रोज दोन-तीन हात पुरे. वाजवून झाल्यावर वाद्यावर पडलेली पांढरी पूड कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पॉलिशवर बसते ती निघत नाही.

तारसप्तक
अभिनंदन! दोन गोष्टी लगेच करा. सगळ्यात बारीक तार एक जास्तीची आणून ठेवा. ट्यूनर बघत नवशिके तीच चढवत बसतात, सप्तक चुकतं आणि फट्‌कन तुटते. आणि आवाज दबवणारा रबराचा म्यूट घ्या, घोडीवर बसतो. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर पर्याय नाही.

पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या दोन पुड्या टाका, आणि गाडीच्या डिकीत वाद्य ठेवून उन्हात पाच मिनिटंही जाऊ नका.

हिशेबनीस
मीही एक अपडेट देतो. आजोबांचं व्हायोलिन दाखवून आणलं. कागदाच्या तळाशी 'जर्मनी' निघालं. फार्महाऊस गेलं. दोन सांधे सुटलेत, घोडी नाही, साउंड पोस्ट आत गडगडतोय. दुरुस्तीला सहा हजार म्हणाले, आणि केल्यानंतर विकू नका असंही म्हणाले.

मी फक्त आवाज ऐकायला दुरुस्त करून घेतोय. पण बारा हजार आठशेच्या तुलनेत सहा हजार म्हणजे हिशेबाने फायद्यातच आहे. रानजाई, तुमच्या बाई पंचावन्नच्या माणसाला घेतात का? मी मुलुंडला असतो.

रानजाई
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर आहे त्यात. मंगळवारी विचारा. गुरुवारी नको, गुरुवारी माझा तास असतो, मला ऐकून तुमचा विचार बदलेल.